परदेशी तिकिटावर सासूबाई

मला कुठेही जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या सहलीचा विषय निघाला की आमच्या घरात "विल्बर्थलाच फार हौस होती" असं म्हणायची पद्धत पडली आहे. मेक्सिकोच्या युकातान भागात, मेरिदा शहरातल्या एका जन्मनोंदणी कचेरीत मी गेली एकवीस वर्षं खिडकी क्रमांक चारवर बसतो. एकवीस वर्षं लोकांना "नावात चूक आहे, मंगळवारी या" असं सांगत आलेल्या माणसाला कसलीही हौस उरत नाही. जुलैत मला चार दिवसांची रजा मिळाली होती आणि ते चारही दिवस पंख्याखाली, जाळीच्या झोळीत, पोटावर वर्तमानपत्र ठेवून घालवायचे असा माझा अगदी साधा बेत होता.

बेत मोडला तो माझ्या बायकोने. लँडीने फोनवर एक फोटो दाखवला. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेलं एक माडाचं झाड.

"किती वर्षं झाली समुद्राला जाऊन?" तिने विचारलं.

"समुद्र काही कुठे पळून जात नाही."

"आणि येताना श्कानाच्या जुन्या माया शहराचे अवशेष बघू. आपण माया माणसं, आणि तुझ्या लेकीने पिरॅमिड पाहिलाय तो फक्त बिस्किटाच्या पुड्यावर."

अकरा वर्षांच्या सुएमीने लगेच दुःखी चेहरा केला. तिला बिस्किटं आवडतात, पिरॅमिडशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण आईच्या बाजूला कधी उभं राहायचं हे तिला उत्तम कळतं. राहता राहिल्या माझ्या सासूबाई, दोन्या फेलिपा. दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. वय अठ्ठ्याहत्तर.  त्या उठल्या आणि भिंतीच्या कड्यांतून स्वतःची झोळी सोडवून तिची गुंडाळी करायला लागल्या. मी हरलो.

आता शेजारी. आमच्या शेजारी डॉन रुसेल नावाचे गृहस्थ राहतात. त्यांनी तीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या गाड्या कुंपणावरून चालवतात.

"टोलच्या रस्त्याने जाऊ नकोस," झाडांना पाणी घालता घालता ते म्हणाले. "तिथे गाडी बंद पडली तर गिधाडंसुद्धा खाली उतरत नाहीत. गावांतून जा. सावली आहे, माणसं आहेत."

"पण डॉन रुसेल, किनाऱ्यावर म्हणे यंदा शेवाळ फार आलंय. पेपरात होतं."

"पेपरवाले!" त्यांनी पाण्याचा पाइप असा झटकला की माझी विजार भिजली. "अरे, शेवाळ म्हणजे औषध. लोक त्यासाठी पैसे मोजतात."

तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? मी ऐकलं.

गावांच्या रस्त्यावर सावली होती, माणसं होती आणि गतिरोधक होते. आमच्याकडे गतिरोधक बांधायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याच्या दारात कोंबडी मेली तो बांधतो. सुएमी मोजत होती. सतराव्याला गाडीच्या पोटातून एक दबका आवाज आला, एकोणिसाव्याला सायलेन्सर गळून पडला. तो उचलून मी सासूबाईंच्या पायाशी ठेवला. तिथून पुढे आमची गाडी रणगाड्यासारखी गर्जत निघाली. बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कुणी बोलेना. खरं सांगायचं तर सगळ्या सहलीतला तेवढाच शांत भाग.

हॉटेलाच्या दारात आम्ही गर्जतच शिरलो. पांढऱ्या कपड्यातल्या पाहुण्यांनी पेले खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या रुबाबात उतरलो. पण काखेत सायलेन्सर असलेल्या माणसाच्या रुबाबाला मर्यादा असतात. तो काखेत का होता, तर सासूबाईंनी उतरताना तो माझ्या हातात दिला होता.

समुद्र मात्र खरोखरच होता. फोटोतलं वाकलेलं झाडसुद्धा होतं. फक्त झाडापासून पाण्यापर्यंत जिथे पांढरी वाळू असायला हवी, तिथे माझ्या कमरेइतका उंच, तपकिरी, ओला, उन्हात कुजत पडलेला शेवाळाचा बांध होता. नासक्या अंड्यांची पोती फोडून ठेवावीत तसा वास येत होता. आम्ही चौघं ओळीने उभे राहून त्याच्याकडे बघत होतो.

"हे नैसर्गिक आहे, साहेब," हॉटेलातली मुलगी गोड हसून म्हणाली.

"उद्यापर्यंत जाईल?"

"ऑक्टोबरपर्यंत नक्की."

सुएमीने नाक दाबून एक पाऊल पुढे टाकलं, ते गुडघ्यापर्यंत आत गेलं. पाय निघाला, चप्पल राहिली. ती शोधायला मी उतरलो. चप्पल सापडली नाही. माझीही एक गेली.  लँडी उलट्या पावली खोलीकडे निघून गेली.

शनिवारी दुपारी झोळीचं प्रकरण झालं. सासूबाईंना पलंगावर झोप येत नाही. त्यांच्या मते पलंग आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी. आमच्या भागात कुठल्याही घरात जा, गरिबाच्या काय नि श्रीमंताच्या काय, समोरासमोरच्या भिंतींत झोळी टांगायला कड्या असतातच. हे हॉटेल बांधणारा कुठून आला होता देव जाणे. खोलीत दोन चित्रं होती, सुगंधी मेणबत्ती होती, कडी एकही नव्हती. पहिली रात्र सासूबाईंनी खुर्चीत बसून काढली होती. शनिवारी जेवण झाल्यावर त्या खाली गेल्या, दिवाणखान्यात इकडेतिकडे पाहिलं आणि झोळीचं एक टोक दगडी खांबाला आणि दुसरं तिथल्या एका माडाला बांधून टाकलं. गाठ त्यांनी अशी मारली होती की तिच्यावर बैल झुलला असता.

"दोन्या फेलिपा, इथे असं चालत नाही हो," मी हळूच म्हणालो.

"का? इथली माणसं दुपारी झोपत नाहीत?"

"झोपतात, पण..."

"मग आधी तू बसून बघ. दोर धरतोय का कळेल."

आता वाटतं, मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण दोन दिवस खुर्च्यांवर बसून माझी पाठ धरली होती आणि झोळी समोर अशी मऊ, ओळखीची लोंबत होती. मी बसलो. पाय वर घेतले. डोळे मिटले. तो माड प्लास्टिकचा होता हे मला त्याच क्षणी समजलं, कारण तो हळूहळू, जणू विचार करत, माझ्यावर वाकला, मग बुडासकट उपटला गेला आणि शेजारच्या माशांच्या काचेच्या पेटीवर पडून ती फुटली.

मासे सगळे वाचले, हे मी मुद्दाम सांगतो. सुएमीने आणि मी ते पाहुण्यांच्या पेल्यांत गोळा केले. व्यवस्थापक फार सभ्य गृहस्थ होता. त्याने आवाजही चढवला नाही. तो फक्त म्हणाला, "आपल्याला आमच्याकडे आराम मिळेल असं वाटत नाही." रविवारी सकाळी आम्ही गर्जत बाहेर पडलो, एक दिवस आधी. मला एवढं थकल्यासारखं वाटत होतं की गतिरोधकांवरही मी वेग कमी केला नाही. गळून पडण्यासारखं खाली आता काही उरलंच नव्हतं.

"श्काना बघायचंच आहे का?" मी ओरडून विचारलं.

"हो!" लँडी ओरडली. त्या एका अक्षरात दोन दिवसांचं सगळं होतं. मी गाडी वळवली.

श्कानाला रविवारी इथल्या लोकांना तिकीट नसतं, फक्त ओळखपत्र दाखवायचं. माझं होतं, लँडीचं होतं, सुएमीचं शाळेचं होतं. सासूबाईंचं घरी कपाटात होतं. त्या म्हणाल्या, हरवू नये म्हणून ठेवलं. तिकीट खिडकीत एक बाई नखांना रंग लावत बसली होती.

"ओळखपत्र नाही तर परदेशी तिकीट," ती वर न बघता म्हणाली.

"बाई, जरा बघा तरी त्यांच्याकडे! अंगात आपल्या बायकांचा हुइपिल झगा आहे. गळ्यापाशी भरतकाम आहे. स्पॅनिशपेक्षा माया भाषा चांगली येते त्यांना."

"कपडे काय, कुणीही घालतं. काल एक नॉर्वेची बाई असलाच झगा घालून आली होती. मायासुद्धा बोलत होती."

"अहो, त्यांच्या वाडवडिलांनी बांधलंय हे!"

"मग त्यांनाही ओळखपत्र लागलं असतं, साहेब."

मला राग यायला हवा होता. पण खरी गोष्ट अशी की उत्तर मला आवडलं. खिडकीमागून मीही हेच दिलं असतं, कदाचित इतक्या झटकन नाही. मी मुकाट्याने तिकीट घेतलं आणि सासूबाई परदेशी म्हणून आत गेल्या.

त्या मात्र आत जाऊन थांबल्याच. पिरॅमिड समोर होता, सगळे मान वर करून तिकडे बघत होते, आणि सासूबाई पाठ फिरवून भलतीकडेच बघत होत्या. तिकीट खिडकीच्या मागे एक जुनी विहीर होती, दगडी काठाची, तोंडावर लोखंडी जाळी टाकलेली. त्या तिच्यापाशी गेल्या. काठावरून हात फिरवला. दोराने घासून घासून दगडात पडलेल्या खाचांत त्यांनी एकेक बोट घालून पाहिलं.

"आई, काय झालं?" लँडीने विचारलं.

"ही खोल खाच माझ्या आईची," त्या माया भाषेत म्हणाल्या. "डावखुरी होती ना ती. बाकीच्या बायका पलीकडून ओढायच्या."

लँडीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई कुठल्याशा रानातल्या वस्तीत जन्मल्या आणि नऊ वर्षांच्या असताना सगळ्यांना तिथून हलवलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठून, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्यांनाही श्काना हे नाव ठाऊक नव्हतं. ते नाव नंतर उत्खननाला आलेल्या साहेबलोकांनी दिलं.

"मग हा पिरॅमिड, चीच?" सुएमीने विचारलं. आजीला ती चीच म्हणते.

"कसला पिरॅमिड! टेकाड होतं ते. वर झाडं होती. त्याच्यावर आमच्या शेळ्या चढायच्या आणि उतरायला विसरायच्या."

आणि मग त्या चालायला लागल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जिला घरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला माझा हात लागतो, ती उन्हात पुढे आणि आम्ही मागे. इथे आमचं दार. इथे तीन दगडांची चूल. इथे धाकट्या भावाला साप चावला, तो वाचला, साप नाही वाचला. इथे फणसाएवढी पपई लागायची. सुएमीला माया नीट येत नाही म्हणून लँडी स्पॅनिशमध्ये सांगत होती. तेवढ्यात एक परदेशी जोडपं येऊन उभं राहिलं. मग आणखी चौघं, मग आणखी. त्यांच्यातल्या एका बाईला स्पॅनिश येत होतं, ती पुढे इंग्रजीत सांगायला लागली. सूर्यदेवाची वेदी म्हणून पाटी लावलेल्या चौथऱ्यापाशी सासूबाई म्हणाल्या, "इथे माझी मावशी कपडे वाळत घालायची," आणि ते तीन भाषांतून पलीकडे पोचलं तेव्हा सतराजणांनी चौथऱ्याचे फोटो काढले. शिंगाच्या चष्म्यातला, गळ्यात बिल्ला लटकवलेला एक अधिकृत मार्गदर्शक थोड्या अंतरावर एकटाच उभा होता. त्याची सगळी माणसं आमच्याकडे आली होती.

दहा मिनिटांत पहारेकरी आला. "परवान्याशिवाय मार्गदर्शन करताय. कचेरीत चला."

कचेरीत लिसेन्सियादो बाकेइरो बसले होते. आमच्या देशात टेबलामागे बसलेल्या कुणालाही लिसेन्सियादो म्हणतात, मलाही म्हणतात. त्यांच्याकडे एक पंखा होता आणि तो फक्त त्यांच्याकडे बघत होता. आम्हाला बाकावर बसवून त्यांनी खणातून फॉर्म काढला. तीन प्रतींचा, मध्ये निळे कार्बन. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"तिकीट?" त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "परदेशी! म्हणजे प्रकरण आणखी गंभीर. परदेशी व्यक्तीने इथे व्यवसाय करणं..."

"त्या परदेशी नाहीत," मी म्हणालो.

"तिकीट म्हणतंय."

"तिकीट तुमच्याच खिडकीने दिलं."

"तेच तर. सरकारी कागद आहे." त्यांनी लिहायला घेतलं. "नाव? वय? जन्मस्थळ?"

"इथे," सासूबाई म्हणाल्या.

"इथे म्हणजे मेक्सिकोत?"

"इथे म्हणजे इथे. तुझं टेबल आहे ना, तिथे आमची डुकरं बांधलेली असायची."

लिसेन्सियादोंनी पेन खाली ठेवलं. "आजी, इथे कुणी जन्मत नाही. हे संरक्षित क्षेत्र आहे. इथे वस्तीच नाही. रकान्यात काय लिहू मी?"

लँडीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंच्या आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी कुठे जन्मले, ते तू सांग, बाबा." आणि उत्तराची वाट बघत बसल्या.

मी काही शूर माणूस नाही. दोन दिवसांत माझी एक चप्पल, एक सायलेन्सर आणि उरलीसुरली अब्रू गेली होती. मला घरी जायचं होतं. पण तो रकाना मला माहीत होता. अख्ख्या युकातानात त्या रकान्याशी माझ्याइतका कुणी झगडला नसेल. मी उठलो, टेबलावरचं पेन उचललं आणि फॉर्म माझ्याकडे ओढला.

"हे काय करताय?" बाकेइरो म्हणाले.

"जन्म झाला तेव्हा जी वस्ती होती, तिचं नाव लिहायचं असतं, लिसेन्सियादो. पुढे कंसात 'नामशेष'. वस्ती उठली म्हणून जन्म रद्द होत नाही. दोन्या फेलिपा, गावाचं नाव काय होतं?"

"सान्ता रीता," त्या म्हणाल्या. "आठ घरं."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. तिन्ही प्रतींवर उमटावं म्हणून जोर देऊन लिहिलं. बाकेइरोंनी ती ओळ वाचली. मग त्यांनी पंखा थोडा आमच्या बाजूला वळवला.

"तुम्ही कुठे नोकरीला?"

"नोंदणीत. खिडकी चार."

"हं." त्यांनी फॉर्म खणात ठेवला. "स्वतःच्या घराबद्दल बोलायला परवाना लागतो का, हे मला वर विचारावं लागेल. तुम्ही मंगळवारी या." आणि जरा थांबून, खाली बघतच म्हणाले, "नाही आलात तरी चालेल."

बाहेर आलो तर ती सतराच्या सतरा माणसं तिथेच होती. झाड नाही, आडोसा नाही. लाल झालेल्या चेहऱ्यांनी भर उन्हात उभी. स्पॅनिश येणारी बाई पुढे आली. "आजींना सोडलं ना? आम्हाला पुढचं ऐकायचं होतं. मावशीच्या कपड्यांपर्यंत आलो होतो."

सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"लँडी, हे केव्हाचे उभे आहेत?"

"तासभर झाला असेल."

"आणि कुणी पाणी दिलं का यांना?" त्या माझ्याकडे वळल्या. "विल्बर्थ, दारात आलेली माणसं अशी कोरडी उभी! माझी आई असती तर तिने मला तोंड दाखवू दिलं नसतं. जा, बघ कुठे काही मिळतं का."

माझे पाय दुखत होते. सुएमीची उरलेली चप्पल एका पायात आणि माझी दुसऱ्यात अशी मी सकाळपासून चालत होतो. पण गेलो. दुकानं दाराबाहेर होती. तीन खेपा झाल्या. शहाळी आणली. एकेकाच्या हातात देत गेलो. सासूबाई विहिरीच्या काठावर बसून प्रत्येकाला मिळालं की नाही ते बघत होत्या आणि बोटाने मला दाखवत होत्या, तो राहिला, त्या मागच्या बाईला दे.

शेवटचा एक उंच, नाकाची सालं निघालेला गृहस्थ होता. शहाळं घेऊन त्याने खिशातून पाकीट काढलं आणि किती झाले अशा अर्थाने भुवया उंचावल्या.

मी त्याचा हात मागे सारला. इंग्रजी मला बेताचंच येतं.

"हाउस," मी म्हणालो आणि सासूबाईंकडे बोट केलं. "हर हाउस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याने पाकीट आत ठेवलं, दोन पावलं पुढे झाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. नमस्कार करतोय."

"बरं. टोपी घाल म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या. "ऊन आहे."